स्टेशनमास्तर गाडीत बसला का?

चि. सौ. धाकट्या मेव्हणीबाईंस थोरल्या दाजींचे पोटभर आशीर्वाद. (साडूबुवांनाही नमस्कार. हे पत्र ते तुझ्याआधी फोडणार आणि मोठ्याने वाचणार हे मला माहीत आहे, म्हणून कंसात का होईना, पण त्यांचा नमस्कार पहिल्याच परिच्छेदात उरकून टाकला.)

तुझे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना आधी उजवा दुखतो की डावा, हे मागच्या फोनवर सांगता सांगता तू "थांबा हं दाजी, दूध उतू जातंय" म्हणून जी गेलीस ती परत आलीच नाहीस. मी बराच वेळ फोन कानाला लावून तुझ्या स्वयंपाकघरातले आवाज ऐकत बसलो. भांडं आपटलं, नळ सुटला, साडूबुवा खोकले, तू त्यांना काहीतरी बोललीस. बरं वाटलं. मग तुमच्यापैकी कोणीतरी फोन जागेवर ठेवून दिला. म्हणून या वेळी पत्र. पत्र मधेच दुधाकडे पळत नाही. माझी तब्येत उत्तम आहे. रक्तदाब आटोक्यात, साखर आटोक्यात, आणि मी तर काय, जन्मापासूनच आटोक्यात. अगदी मजेत आहे. घरही हल्ली आवरलेलं असतं. (तुझी ताई मला उठताबसता पसारेवाला म्हणायची. ती गेल्यावर कळलं की त्यातला निम्मा पसारा तिचा होता, आणि माझा निम्मा मला एकट्याला करवत नाही.)

आता पत्रास कारण की, गेल्या आठवड्यात मी चारचौघांत असा काही तोंडघशी पडलो आहे, म्हणजे आधी खरोखरचा आणि मग अब्रूने, की आमच्या इमारतीत मला गेले काही दिवस सगळे फार प्रेमाने वागवतात. पण ते सांगायचं तर जरा मागून यावं लागेल. तू पाय वर घेऊन बस.

तुला ठाऊकच आहे, जगात जे जे गाजलं ते माझी नजर चुकवून गाजलं. खाली भरपूर घेर असलेल्या पँटी आल्या तेव्हा मी ड्यूटीच्या खाकीत होतो. खाकी उतरली तोवर त्या पँटींची पायपुसणी झाली होती. कानांवर केस वाढवायचं वेड आलं तेव्हा आमच्याकडे टोपी सक्तीची होती. (आता टोपी नाही, तर केस नाहीत.) तो रंगीत चौकोनी ठोकळा आला, ज्याची एकेक बाजू एकेका रंगाची करायची असते, तो आमच्या ड्यूटीवरच्या लाइनमनने मला कौतुकाने आणून दिला. मी दोन दिवस त्याच्याशी झटलो, मग ऑइलपेंटचा डबा काढून सगळ्या बाजूंना एकच रंग लावला आणि सुटला म्हणून परत केला. लाइनमन माझ्याशी आठवडाभर बोलत नव्हता. कमरेत वाकून चुटक्या वाजवायचं ते गाणं आलं, तेव्हा तुझ्याच लग्नात लहानथोर सगळे त्यावर नाचले आणि मी जनरेटरपाशी उभा होतो. (कोणीतरी उभं राहायला हवंच होतं. तुझ्या लग्नात दिवे गेले नाहीत, हे कोणाच्याच लक्षात नाही.) आणि हल्लीचं तर विचारूच नकोस. नातीने व्हिडिओ कॉलवर मला ओठांचा चंबू करायला सांगितला; फोटोत सगळे तसाच करतात म्हणे. मी इमानेइतबारे केला. तिने नीट निरखून विचारलं, आजोबा, दाढ दुखतेय का?

हे हसण्यावारी नेण्यासारखंच आहे आणि मी नेतोही. पण तुला म्हणून सांगतो. चार माणसं बसली आणि त्यातलं एक "आठवतं का ते?" म्हणालं, की सगळे उठून एकदम आतल्या खोलीत जातात आणि मी बाहेर त्यांच्या चपला सांभाळत बसतो, असं मला वाटतं. त्यांना नुसतं आठवत नसतं, एकमेकांबरोबर आठवत असतं. मला आठवायला काट्याशिवाय काही नाही.

काटा म्हणजे काय ते साडूबुवांसाठी पुन्हा एकदा लिहितो. (लग्न झाल्यापासून ते मला विजेचं बिल जास्त आलं म्हणून जाब विचारत आलेले आहेत. मी बिलाच्या खात्यात कधीच नव्हतो.) मी सबस्टेशनवर ऑपरेटर. तारेचं कुंपण, आत गुणगुणणारे ट्रान्सफॉर्मर, एक खोली, खोलीत भिंतभर पॅनेल आणि पॅनेलवर मीटर. गावात कोणी इस्त्री लावली, कोणी पंप सोडला, की त्याचं ओझं मीटरच्या काट्यावर दिसतं. त्याला आम्ही लोड म्हणतो. तो झेपेनासा झाला की फीडर ट्रिप होतो, म्हणजे अर्धं गाव अंधारात जातं, आणि ते अर्धं गाव मग आमच्या फाटकावर येतं. तेव्हा गावाने जे जे डोळ्यांनी पाहिलं ते मी काट्यावर पाहिलेलं आहे. सामना रंगला की काटा मुकाट बसायचा, कारण उठून काही लावायला कोणाला शुद्धच नसे. आपली माणसं हरायला लागली की तो हळूहळू वर सरकायचा; लोक उठून कामाला लागत असणार. कोण जिंकलं ते मला रेडिओच्या आधी कळायचं. कसं जिंकलं ते मात्र आजतागायत कळलेलं नाही.

आणि मग ती रविवारची मालिका आली. तुला काय सांगायचं, तू तर त्यातल्या थोरल्या सुनेसारखा अंबाडा घालत होतीस. रस्ते ओस पडायचे. डॉक्टर पेशंटला मालिका संपल्यावर या म्हणायचे, आणि पेशंटही तेवढा वेळ बरे असायचे. आमच्याकडे मात्र ती वेळ म्हणजे जिवाला घोर. मालिका चालू असेपर्यंत काटा शहाण्यासारखा एका जागी, आणि शेवटची धून वाजली रे वाजली की सगळं गाव एका क्षणी उठायचं. इस्त्र्या, मिक्सर, पंप, पाणी तापवायच्या टाक्या, सगळं एकदम. काटा उडी मारायचा आणि माझं काळीज त्याच्यापेक्षा उंच. ती उडी झेलायची, हे माझं रविवारचं काम. जाणती माणसं हवीत म्हणून त्या वेळेला साहेब मलाच बसवायचे, आणि खरं सांगू का, मलाही ते हवं असायचं. माझ्या हाताखाली गावातली एक बाई रडता रडता अंधारात गेली नाही, याचा मला गर्व होता. (एक रविवार सोडून. तो पुढे येईल. गर्व अजून आहे, सांगायला कोणी नाही एवढंच.)

मग मी दुपारी घरी यायचो, हातपाय धुऊन पानावर बसायचो, आणि तुझी ताई समोर बसून त्या दिवशीची गोष्ट सांगायची. त्यामुळे ही एक मालिका मी पाहिली नसली तरी मला मुखपाठ होती. किती सुंदर सांगायची ती! एक आडगावचा स्टेशनमास्तर. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीला हिरवा बावटा दाखवणार, पण स्वतः जन्मात गाडीत बसलेला नाही, कारण हा गेला तर बावटा कोण दाखवणार? त्याची बायको. तिची एक तपकिरी बॅग कायम भरलेली, खाटेखाली ठेवलेली. घरात एक आत्या, उशाखाली किल्ल्या घेऊन झोपणारी आणि झोपेतही त्या मोजणारी. बायकोची एक धाकटी बहीण, जिने एका मुलाला तो शीळ चांगली घालतो एवढ्यावर होकार दिला आणि दूरच्या गावी निघून गेली. बायकोला एकदा त्या बहिणीकडे जायचंय, नवऱ्याला घेऊन. बस्स, एवढीच गोष्ट. पण दर रविवारी निघायची वेळ यायची आणि काही ना काही व्हायचं. कधी आत्या घसरून पडायची, कधी बदली माणूस यायचाच नाही, कधी मास्तर दारापर्यंत यायचा आणि लांबून इंजिनाची शिट्टी ऐकून परत फिरायचा. मला त्या माणसाचा असा राग यायचा! एकदा तर घास हातात ठेवून मी म्हणालो, या गाढवाला कोणीतरी चार शब्द सुनवायला हवेत. तुझी ताई हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि म्हणाली, "तुम्हीच सुनवा ना." मला वाटलं, माझ्या रागाला हसतेय.

शेवटचा भाग होता त्या रविवारी गावात पाखरू फडफडत नव्हतं. धून वाजली, सगळे उठले, काटा गेला तो गेलाच, आणि आमचा म्हातारा ट्रान्सफॉर्मर धूर काढून बसला. दुसऱ्या दिवसापर्यंत मी तिथेच. घरी आलो तो काळा ठिक्कर, डोळे मिटत होते, तरी पहिला प्रश्न विचारला तो हाच की बसला का गं तो गाडीत? ती म्हणाली, "आधी जेवून घ्या. मग सांगते." मी जेवलो आणि झोपलो. तो "मग" राहूनच गेला. पुढे बदली झाली, मुलाची शाळा, आईचं आजारपण, माझ्या ड्यूट्या. तिच्या "मग"ला आणि माझ्या वेळेला एक जागा सापडली नाही. रिटायर झाल्यावर वेळच वेळ होता, तेव्हा दोघांनाही वाटलं, आता काय घाई आहे.

हं. तर गेल्या आठवड्याची गोष्ट. आमच्या इमारतीच्या सेक्रेटरीबाई फार उत्साही आहेत. (त्यांच्या उत्साहापायी गच्चीवर दोनदा योगासनं आणि एकदा अग्निशामक दल येऊन गेलं.) त्यांनी म्हाताऱ्यांसाठी तळमजल्याच्या हॉलमध्ये संध्याकाळ ठेवली. विषय, आमच्या वेळचं वेड. ज्याने त्याने आपल्या काळात गाजलेलं काहीतरी करून दाखवायचं. मी नाही म्हणणार होतो. पण दोन दिवस दाराची बेल फक्त दूधवाल्याने वाजवली होती, तेव्हा म्हटलं, जाऊ. आणि एकदम मनात आलं, अरे, त्या हॉलमध्ये सगळी आपल्या वयाची माणसं असणार! त्यांच्यातल्या प्रत्येकाने तो शेवटचा भाग पाहिलेला असणार! इतकी वर्षं ज्याचं उत्तर माझ्याकडे नाही ते त्यांच्या खिशात पडलेलं आहे. मी कधी कोणाला विचारलंच नव्हतं. (गावाने विचारलं असतं, तुम्ही पाहिलं नाहीत का? आणि मग सगळं सांगत बसावं लागलं असतं.)

त्या उत्साहात मी शिंप्याकडे गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा घेराची पँट शिवायला टाकली. म्हटलं, जायचं तर थाटात. शिंपी पोरगेलासा आहे. माप घेता घेता म्हणाला, "काका, तुम्ही तर एकदम लेटेस्ट! हीच फॅशन चालू आहे आता." म्हणजे बघ, मी उशीर झाला म्हणून धावत स्टेशनवर जावं आणि पुढची गाडी वेळेआधी उभी असावी. फक्त कापड मला न विचारता त्याने चकचकीत घेतलं होतं आणि प्रत्येक पायाच्या घेरात तुझ्या ताईचा एकेक परकर झाला असता. हॉलमध्ये आलो तर टाळ्या. ठोकळा सोडवून झाला, चुटक्यांचा नाच झाला (पहिल्या मजल्यावरच्या हिशेबनीसांची कंबर वाकली ती वाकलीच राहिली, त्यांना तसंच खुर्चीवर ठेवलं), मग माझं नाव पुकारलं. मी रुबाबात निघालो, उजव्या पायाने डाव्या पायाचा घेर तुडवला आणि माइकला मिठी मारून स्टेजवर पालथा पडलो. सगळे म्हणाले, वा, काय अभिनय! मग उठून मी मालिकेचं नाव घेतलं. हॉलभर आहाहा झालं. बायका सावरून बसल्या. मेव्हणीबाई, मला वाटलं, आज मी आतल्या खोलीत आलो.

आणि मी गोष्ट सांगितली. बावटा, किल्ल्यांची आत्या, शीळ, तपकिरी बॅग. अगदी तुझ्या ताईच्या पद्धतीने, हात तसेच हलवून. शेवटी म्हणालो की मित्रहो, शेवटच्या भागाला मी ड्यूटीवर होतो, तेव्हा एवढंच सांगा, स्टेशनमास्तर गाडीत बसला का?

मग मागून कोणीतरी विचारलं, "कुठला स्टेशनमास्तर?" आणि हॉल जो हसला म्हणतेस! त्यांना वाटलं, मी मुद्दाम विनोदी भलतंच सांगितलं. मला बक्षीस दिलं. (टेबलावरचा दिवा. मला दिवा!) मी आपला हातात दिवा घेऊन ज्याला त्याला विचारतोय की अहो पण बसला का, आणि हळूहळू त्यांचं हसू उतरत गेलं आणि ते एकमेकांकडे बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर सहज म्हणून आले. आज वार कोणता, शंभरातून सात वजा केले तर किती, सेक्रेटरीबाईंचं नाव काय, असं सहज विचारत होते. वार सांगितला, वजाबाकी पार शेवटपर्यंत करून दाखवली, सेक्रेटरीबाईंचं नाव मात्र मला खरंच कधी माहीत नव्हतं. डॉक्टरांचा चेहरा पडला. तेव्हापासून जिन्यात मला पोरंसुद्धा हात देतात आणि लिफ्टमध्ये मोठ्याने, सावकाश, तुमचा मजला तिसरा बरं का आजोबा, असं सांगतात.

मी नातीने शिकवल्याप्रमाणे फोनवर ती जुनी मालिका शोधली. सापडली. पहिला भाग पाहिला, दुसरा पाहिला, मधले पाहिले. दोन भाऊ, एक कापडाची गिरणी, कोर्टकचेरी, आणि थोरली सून प्रत्येक भागात दाराची चौकट धरून उभी. स्टेशन नाही, बावटा नाही, आत्या नाही. बॅग तर नाहीच. मी फोन उलटा करून ठेवला. मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? मला वाटलं, डॉक्टर बरोबर आहेत. तुझी ताई कधी काही सांगायचीच नाही, मीच हे सगळं एकट्याने बसून रचलं असेल. फार भीती वाटली गं. गोष्ट गेली त्याचं काही नाही. त्या सगळ्या दुपारीच हातातून गेल्या, असं वाटलं.

मग त्या ठोकळ्याच्या लाइनमनची बायको, म्हणजे आमच्या वहिनी आल्या. या तुला आठवत असतील, क्वार्टर्समध्ये आमच्या भिंतीला भिंत लावून राहायच्या, आता याच इमारतीत वर असतात. हॉलमध्ये त्या नव्हत्या, पण बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. सूपाचं भांडं घेऊन आल्या, मला नीट बघितलं आणि म्हणाल्या, "तुमच्या डोक्याला काही झालं नाही. तुमच्या घरी रविवारी टीव्ही लागायचाच नाही." क्वार्टर्सच्या सगळ्या खिडक्यांतून ती धून बाहेर यायची, फक्त आमच्या खिडकीतून नाही. वहिनींनी तेव्हा विचारलं होतं, बिघडलाय का? तर तुझी ताई म्हणाली, "तिकडे ह्यांचा काटा वर जातो. आपला एक तरी कमी."

एक टीव्ही! मेव्हणीबाई, सगळ्या गावाच्या लोडमध्ये एका टीव्हीने काट्याला मुंगी चावल्याएवढंसुद्धा होत नाही. मी तिला कधीतरी थकून काहीतरी बोललो असेन, सगळे एकदम लावतात म्हणून, आणि तिने ते मनावर घेतलं. वहिनी म्हणाल्या, अहो मग आमच्याकडे येऊन बघा, आमचा तर चालूच आहे. (शास्त्रीयदृष्ट्या वहिनी बरोबर होत्या. टीव्हीपुढे एक बसा की दहा, लोड तेवढाच.) तर म्हणाली, "ते बघत नाहीत, मग मी एकटीने काय बघू?" आणि सगळे आत बसलेले असताना ही मागच्या पायरीवर विणकाम घेऊन बसायची आणि विचार करायची. धून संपली की वहिनींना हाक मारून विचारायची, आज किती रडलात? फार रडलो म्हटलं की त्या दुपारी मला आत्या घसरून पडलेली ऐकायला मिळायची.

आणि त्या शेवटच्या रविवारी दिवे गेले तेव्हा ती धावत त्यांच्या दारात आली म्हणे आणि रडवेली होऊन वहिनींना सांगत राहिली, "मी तर बंदच ठेवला होता हो."

वहिनी गेल्यावर मी सूप प्यायलो. ते गार झालं होतं. मग एकेक गोष्ट लक्षात यायला लागली, आणि मी जो हसायला लागलो म्हणतेस, की शेजाऱ्यांनी पुन्हा डॉक्टरांना बोलावू नये म्हणून तोंडावर उशी धरली. किल्ल्यांची आत्या म्हणजे माझी आई! त्या किल्ल्या मी स्वतः उशाखालून काढून दिलेल्या आहेत. शीळ घालणारा म्हणजे कोण ते साडूबुवांनी हे मोठ्याने वाचताना स्वतःच ओळखावं. आणि दोन वर्षं दर रविवारी पानावर बसून ज्या माणसाला मी गाढव म्हणालो, तो माणूस जेवत होता. तिने काही म्हणून सोडलं नव्हतं, सगळं सगळं सांगितलं होतं, आणि वर वाढलंही होतं. मी इतकी वर्षं समजत होतो की सगळं जग आत आहे आणि मी एकटा बाहेर. तर नाही. पायरीवर आणखी एक माणूस बसलेलं होतं. हे मला तेव्हा कळलं असतं तर फार बरं झालं असतं. आता कळलंय तर कोणाला सांगू, म्हणून तुला लिहिलं.

बाकी सगळं ठीक. हवा बरी आहे. बक्षिसाचा दिवा लावून बघितला, चांगला आहे, लोड काहीच नाही. गुडघ्यांना गरम पाण्याने शेक आणि जिना जपून उतर. मोठ्यांना नमस्कार लिहिणार होतो, पण आता आपल्यात मोठं कोणी उरलेलं नाही, तेव्हा तोही तुम्हीच ठेवून घ्या.

तुझे,
दाजी

ता. क. वर मजेत आहे असं लिहिलंय ते साडूबुवा मोठ्याने वाचतात म्हणून. तू मनात वाचताना ते गाळ.

ता. क. दुसरा. तुझी ताई तुझ्यापासून काही लपवत नसे. शेवटी काय होणार होतं ते तुला बोलली होती का? बोलली असेल तर सांग. नसेल तर तूच काहीतरी रच. तुम्ही दोघी बहिणी सारख्याच थापाड्या, मला चालेल. फक्त तिच्यासारखे हात हलवून सांगावं लागेल, आणि ते पत्रात होत नाही.

ता. क. तिसरा. पँट साडूबुवांना आणतोय. एका पायात त्यांचे दोन्ही मावतील.

ता. क. शेवटचा. वर आणतोय असं लिहून गेलो, तेव्हा आता सांगूनच टाकतो. आमच्या खाटेखाली एक तपकिरी बॅग होती. केर काढताना मी कित्येक वर्षं तिला अंगठा आपटून घेतला आणि तिलाच शिव्या दिल्या. काल ती बाहेर ओढली. भरलेली आहे. उघडली नाही, तशीच घेऊन येतोय, कारण ती तुझ्याकडे यायला म्हणून भरली होती. तिकीट काढलंय. रविवारी सकाळी, बरोबर त्या मालिकेच्या वेळेला तुझ्या दारात असेन. किती दिवस राहणार ते मात्र लगेच विचारू नकोस. त्या वेळेला टीव्ही लावू नकोस. आणि दूध उतू जाईल म्हणून उठूही नकोस, दुधाकडे मी बघत बसेन, जन्मभर तेच तर केलं. तू बोलत राहा.